सामनेवाला क्रमांक दोन

कोणाही इसमाविषयी लिहिताना प्रथम त्याचे वय, धंदा व राहण्याचे ठिकाण नमूद करावे, असा आमच्या व्यवसायाचा शिरस्ता आहे. त्यानुसार नमूद करतो की, नाना हे वयाने सत्तरीच्या आतबाहेर, धंदा अर्जलेखन, राहणार पंचवटी. यापलीकडे त्यांच्याविषयी जे काही आहे ते कोणत्याही छापील नमुन्यात बसणारे नाही, आणि म्हणूनच मी लेखणी हाती घेतली आहे.

मी स्वतः त्याच धंद्यातला. शिक्षण नववीपर्यंत झालेले असले तरी नाशिकच्या एका सरकारी कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली गेली पंचवीस वर्षे माझे टेबल आहे, आणि माझा मसुदा वाचून साहेबांनी खुर्चीत सावरून बसावे असे प्रसंग एकाहून अधिक वेळा घडले आहेत. ही आत्मस्तुती नव्हे. नानांविषयी सांगणारा माणूस कोण आहे हे वाचकाला ठाऊक असावे, एवढाच हेतू. माझ्या टेबलापासून चार हातांवर नानांचे टेबल होते, आणि टेबलासमोर एक लोखंडी स्टूल. मी धंद्यात शिरलो तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा: "स्टुलावर बसला तो अर्जदार. तो चोर की साव, ते साहेब ठरवतील. आपण फक्त त्याचं म्हणणं शुद्ध भाषेत लिहायचं."

हे तत्त्व त्यांनी इतके ताणले की, सकाळी थोरल्या भावाने धाकट्याविरुद्ध अर्ज लिहून न्यावा आणि दुपारी धाकट्याने त्याच स्टुलावर बसून त्या अर्जाला उत्तर लिहून घ्यावे, हे आमच्याकडे नित्याचे झाले होते. एकदा धाकट्याने विचारले, "नाना, सकाळी त्याच्या बाजूनं लिहिलंत ना तुम्ही?"

"सकाळी तो बसला होता," नाना म्हणाले, "आता तू बसलायस. बोल."

आणि दोन्ही कागद एकाच तोडीचे उतरत. वाचणारा साहेब पहिला वाचून थोरल्याच्या बाजूने होई व दुसरा वाचून धाकट्याच्या.

समोरच्याच्या अर्जाला उत्तर देताना परिच्छेदवार लिहावे लागते. अमुक परिच्छेदातील मजकूर खरा व कबूल, तमुक परिच्छेदातील मजकूर खोटा व नाकबूल. चाळीस वर्षे हे लिहून नानांच्या बोलण्यातही तेच मुरले होते. कोणी म्हणावे, "नाना, ऊन फार आहे हो आज," तर नाना म्हणत, "खरे व कबूल." कोणी म्हणावे, "नाना, तब्येत जरा उतरली तुमची," तर "खोटे व नाकबूल." घरीही तीच तऱ्हा. चहाला उशीर झाला की ते ओट्याकडे पाहून म्हणत, "सबब चहा मिळावा, ही विनंती." काकूंनीही त्यांना पुरते ओळखले होते. त्या पातेल्यावरून नजर न काढता म्हणत, "तुमच्या अर्जावर विचार सुरू आहे."

त्यांचे दुसरे वेड म्हणजे पक्षकार. ज्याचा ज्याचा संबंध असेल तो प्रत्येक इसम सामनेवाला म्हणून अर्जात आलाच पाहिजे. एक जरी सुटला तरी अर्ज पहिल्याच तारखेला पडतो, हे त्यांचे ठाम मत. शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्याविषयीच्या एका अर्जात त्यांनी कुत्र्याचा मालक, त्याचा घरमालक आणि कुत्र्याला रोज पोळी घालणारी समोरची बाई, असे तीन सामनेवाले केले होते. कुत्र्याला चौथा करावे किंवा कसे, यावर त्यांनी दोन दिवस घालवले.

अशा माणसाला विश्रांतीसाठी कोठे नेऊ नये. परंतु आम्हांस नेण्यात आले.

इगतपुरीच्या पुढे एका धरणाच्या फुगवट्याला लागून एका शेठचे कॅम्पिंगचे मोठे ठिकाण आहे. शेठ मूळचे नाशिकचे, चाळिशीचे, पांढरे बूट घालणारे. त्यांच्या विजेच्या जोडणीचे प्रकरण बरेच दिवस अडले होते, ते नानांच्या एका अर्जाने सुटले. त्या आनंदात शेठनी नानांना दोन रात्री पाहुणे म्हणून बोलावले. अर्जाची टंकलिखित प्रत मी काढली होती, सबब मीही पात्र ठरलो.

कॅम्पिंग म्हणजे तंबूत राहणे, इतकेच मला ठाऊक होते. पण तेथील तंबूंत वातानुकूलन यंत्र होते, गालिचा होता, दोन खाटा होत्या व मागे गिझरसह न्हाणीघरांची रांग होती. पोहण्याचा तलाव, तिरंदाजी, तारेवरून घसरत जाण्याचा खेळ, बैलगाडीची फेरी, शेकोटी, गाणी, आणि सकाळच्या नाष्ट्याला इतके पदार्थ की मी ते मोजण्याचा नाद सोडला. प्रवेश करताच आमच्या मनगटाला केशरी कागदी पट्टी बांधण्यात आली. ती असेल त्यास सर्व सोयी खुल्या. नानांनी तिला ओळखपत्राचा दर्जा दिला व अंघोळीच्या वेळी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

पहिल्याच दुपारी आम्ही रेन डान्सला गेलो. सिमेंटच्या चौथऱ्यावर वरून नळ्यांतून पाऊस पडतो, मोठ्याने गाणी लागतात आणि मुंबईची मंडळी त्यात भिजत नाचतात. नाना काही वेळ पाहत उभे राहिले. मग छत्री उघडली व चौथऱ्याच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभे राहिले. संपूर्ण कोरडे. मंडळी त्यांच्याभोवती नाचू लागली. एका मुलीने त्यांच्यासह आपला व्हिडिओ काढला. तेथील माणूस धावत आला.

"आजोबा, छत्री नाही आणायची आत."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण इथं भिजायला येतात लोक."

"बाबा, चार महिने या तालुक्यात पाऊस थांबत नाही. भिजणं मला नवं नाही. पट्टीनं मला आत उभं राहण्याचा हक्क दिलाय, तो मी बजावतोय."

तो माणूस त्यांना छत्रीखालीच सोडून गेला.

तारेच्या खेळाजवळ मात्र खरा घोळ झाला. तारेवर लटकण्यापूर्वी प्रत्येकाने एका कागदावर सही करावयाची असते. रांगेतील माणसे न वाचता सह्या करून पुढे जात होती. नानांनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला व वाचू लागले. मागची रांग थांबली. पाच मिनिटांनी एक गृहस्थ म्हणाले, "काका, खेळायचंय की परीक्षा द्यायचीये?"

नानांनी तेथील माणसास विचारले, "इथे लिहिलंय, माझा मृत्यू झाल्यास मी कोणतीही तक्रार करणार नाही. मेलेला माणूस तक्रार कशी करेल?"

"काका, ते असंच असतं सगळीकडे."

"असंच असेल तर सगळीकडे चूक आहे. तक्रार वारस करतात. वारसाच्या सहीला जागाच नाही इथे." त्यांनी खिशातून पेन काढले, कागदाच्या तळाशी रेघ मारली व सुवाच्य अक्षरात लिहिले, 'वारसाची सही व नाते'. ते वाचल्यावर रांगेतील तीन बायकांनी आपापल्या नवऱ्यांना बाहेर ओढून घेतले. नाना स्वतः तारेवर गेले नाहीत. वारस सोबत नसल्याचे कारण त्यांनी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांनी तंबूपुढे एक टेबल ओढले, समोर भोजनगृहातले एक स्टूल ठेवले आणि बसले.

"नाना, आज सुट्टी आहे," मी म्हणालो.

"सुट्टी तुला आहे, वकीलसाहेब. दहा वाजले आहेत." मी जरा भारदस्त बोललो की ते मला वकीलसाहेब म्हणत.

दहा मिनिटांत स्टुलावर एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, कोपरापर्यंत साबणाचे हात. ती तेथेच भांडी घासत असे. सर्वजण तिला मावशी म्हणत.

"तुमीच का ते, कागूद लिवता ते?"

"होय. बोला, मावशी."

"शेठनं आमची वाट बुजवली. पलीकडं आमची खाचरं हायेत. भात पिकून उभं हाय, कापणी लागली. आता भारं घरला न्यायचं कुठून?"

"रस्ता आहे ना धरणाकडून?"

"हाय की. येडा घालून दोन तास. एका भाऱ्याला दोन तास जायाचं, तवर निम्मा दाणा वाटंतच गळतो. एकली मी नाय, आठ घरं हायेत."

"शेठकडे काम करता तुम्ही. काम गेलं तर?"

"भांड्याचं काम गेलं तर दुसरीकडं भांडी हायेत. भात गेलं तर वरीसभर काय खाऊ?"

नानांनी पेनचे टोपण काढले. "वाट नेमकी कोठून होती?"

मावशीने आमच्या तंबूकडे बोट केले. "तुमी निजला व्हता ना, त्याच्या खालून. तुमच्या उशाखालून येती आन् ह्यांच्या पायाखालून जाती."

नानांनी एकदा तंबूकडे पाहिले. मग लिहू लागले. वहिवाटीची वाट अडवल्यास ती मोकळी करून मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असे अर्ज नानांनी शेकड्यांनी लिहिले होते. मजकूर झरझर उतरत गेला आणि शेवटी मागणी आली: 'सदर ठिकाणची तीन फूट रुंदीची पायवाट तत्काळ मोकळी करून मिळावी.' पायवाट म्हटली की तीन फूट, बैलगाडीची म्हटली की आठ, हे आकडे त्यांच्या हाताला पाठ होते. मी कौतुकाने वाचत होतो, तो माझी नजर वर गेली.

सामनेवाला क्रमांक एक, शेठ. सामनेवाला क्रमांक दोन, नाना स्वतः. सामनेवाला क्रमांक तीन, मी.

"नाना, हे काय? आपण पाहुणे आहोत."

"तंबूच्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे?"

ती माझ्या खिशात होती.

"म्हणजे प्रत्यक्ष ताबा आज रोजी आपला. पक्षकार सोडला की अर्ज पडतो. पुढच्या तारखेपर्यंत हिचं भात उभं राहणार नाही."

माझ्या पंचवीस वर्षांच्या व्यवसायात माझे नाव प्रथमच कागदाच्या त्या बाजूला आले, आणि तेही शेजाऱ्याच्या हस्ताक्षरात. मावशीने एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. नानांनी एक प्रत माहितीसाठी शेठकडे पाठवली.

शेठ प्रत हातात घेऊनच आले. "नाना, माझ्याच नाष्ट्यावर बसून माझ्याच विरुद्ध?"

"नाष्टा खरा व कबूल. उत्तम होता."

"मी तुम्हाला मान देऊन बोलावलं आणि तुम्ही असं करताय. लोक थुंकतील तुमच्यावर."

"शेठ, स्टुलावर ती बसली होती. आता रिकामं आहे. तुम्ही बसा, तुमचं म्हणणं लिहितो. असं लिहीन की तिलाच रडू फुटेल."

शेठ बसले. रागावलेला माणूस नानांपुढे नेहमी बसतच असे.

"परिच्छेद एक. सदर ठिकाणी पूर्वापार पायवाट होती."

"कसली पायवाट? गवत होतं नुसतं. लिहा, खोटं."

नानांनी लिहिले, खोटा व नाकबूल. पुढील चारही परिच्छेद नाकबूल झाले, आणि भाषा खरोखर अशी उतरली की मला शेठची दया आली. मग त्यांनी मला स्टूल दाखवले. मी म्हणालो, माझे म्हणणे मी स्वतः लिहीन. लिहिले की, सामनेवाला क्रमांक तीन यास तंबूत गालिच्याखेरीज काहीही आढळून आले नाही, सबब मजकूर नाकबूल. एक रात्र अद्याप शिल्लक होती, हे त्यात लिहिलेले नसले तरी कारण तेच होते.

राहिले सामनेवाला क्रमांक दोन. नाना खुर्चीवरून उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. जरा थांबून परत खुर्चीवर आले, पेन उचलले आणि रिकाम्या स्टुलाकडे पाहत म्हणाले, "याला काही माहीत नाही. आधी स्थळपाहणी करावी लागेल."

ते तंबूत गेले, मागोमाग आम्ही सर्व. त्यांनी स्वतःची खाट ओढली, मग माझी. गालिचा गुंडाळला. खालची ताडपत्री उचलली. दबून पिवळे पडलेले गवत होते, आणि त्या गवतातून एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे एक उघडी, दगडासारखी घट्ट पट्टी गेली होती. तिच्यावर गवताची काडी नव्हती. मधे एक बसका खडक होता, तो माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. मावशी दाराशी उभी होती. तिने फक्त साबणाचे हात पदराला पुसले.

नाना बाहेर आले, उभ्यानेच लिहिले: 'सामनेवाला क्रमांक दोन यास मजकूर खरा व कबूल असून तो ताबा सोडत आहे.' मग पिशवी व छत्री घेऊन तंबूबाहेर उन्हात उभे राहिले. मी माझा कागद फाडला व माझी पिशवी आणली. गिझरचे पाणी नुकतेच तापले होते, हे येथे नमूद करून ठेवतो.

"नाना, असं सामान घेऊन उभे राहू नका," शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "बाकीचे पाहुणे बघतायत."

"शेठ, तुमचं म्हणणं अजून दाखल झालेलं नाही. बदलायची मुभा आहे. शिक्का पडला की मग नाही. आणि गालिचा साहेबांनाही उचलता येतो."

शेठनी सिगारेट काढली, पेटवली नाही. "किती जागा लागेल म्हणता?"

"अर्जात आहे. तीन फूट."

"तीन म्हणजे तीनच. नंतर वाढवायचं नाही."

"एक इंच अधिक नको," नाना अभिमानाने म्हणाले.

दुपारपर्यंत तंबू सोडवून बाजूला सरकवण्यात आला. सहा क्रमांकाला चिकटलेला आमचा तंबू आणि पलीकडचा आठ क्रमांक, यांच्या उंच कनातींमधून वाट निघाली. नानांनी फितीने दोन ठिकाणी मोजली. तीन फूट. सामान परत आत लागले. संध्याकाळी मात्र ते उदास होते. मावशीने त्यांना सांगितले होते, "वाट झाली ना नाना, मग कागूद चुलीत घाला." इतका उत्तम अर्ज दाखल न होता जावा, हे त्यांना सोसत नव्हते.

सकाळी आम्ही चहा घेत असताना कनातीवर बाहेरून खरखर झाली. मग थांबली. मग पुन्हा झाली. बाहेर येऊन पाहतो तो दोन तंबूंच्या मधे मावशी उभी. डोक्यावर भाताचा आडवा भारा, त्याचे एक टोक आमच्या कनातीत रुतलेले, दुसरे आठ क्रमांकाच्या. मागे बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर भारा.

"नाना, वाट झाली. पण भारा मावंना."

"अंग आडवं करून निघा."

"म्हंजी खेकड्यावानी चालू? हालले की दाणं गळत्यात."

नानांनी फीत आणली, मोजले. "तीन फूट बरोबर आहे."

"बरोबर आसंल," मावशी म्हणाली. "मी बी बरोबर हाय, भारा बी बरोबर हाय."

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. नानांनी फीत गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाले, "द्या इकडे."

मावशी मागे सरली, भारा उतरवला. दोघींनी मिळून भाऱ्यांतला एक लहानसा नानांच्या डोक्यावर दिला. नाना चार पावले चालले आणि अडकले. डावीकडे वळले, तर मागचे टोक अडकले. पेंढा त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत जात होता. एक बाई म्हणाली, "आजोबा, आता तुमीच कागूद लिवा, वाट द्या म्हून."

बायकांनी भारा उतरवला. नानांनी तो जमिनीवर ठेवून मोजला. साडेपाच फूट. ते टेबलाशी जाऊन बसले आणि शेठच्या नावे दुरुस्तीचा कागद लिहू लागले. आमच्या धंद्यात प्रत्येक चूक 'नजरचुकीने' होते. त्याखेरीज दुसरे कारण मी आजवर लिहिलेले नाही व लिहिलेले पाहिलेले नाही. नानांनीही तोच शब्द लिहिला. मग तो खोडला आणि त्यावर लिहिले: 'अर्ज लिहिणाऱ्याने भारा कधी उचलला नसल्याने.'

शेठ पुष्कळ चिडले. पण तोपर्यंत पाहुण्यांनी बायकांचे फोटो काढायला सुरुवात केली होती, आणि सायंकाळच्या आत दुसऱ्या अंगाचा तंबूही सरकला. सोयींच्या फलकावर 'भातकापणीचे दर्शन' अशी ओळ वाढली आहे, असे पुढे कानावर आले.

परतताना एसटीत नाना इगतपुरीपासून सदऱ्यातला पेंढा वेचत होते. घोटीच्या पुढे त्यांनी विचारले, "आपण वाटेचे किती अर्ज लिहिले असतील रे?"

"तुम्ही? शेकड्यांनी. निम्म्याहून अधिक मंजूर झाले."

"सगळे तीन फुटांचे," नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यानंतरच्या सोमवारी सिन्नरकडचा एक माणूस त्यांच्या स्टुलावर येऊन बसला. शेजाऱ्याने बांध फोडून वाट अडवली होती. तो सांगू लागला, आणि मी सवयीने मनातल्या मनात मागणीचा परिच्छेद जुळवू लागलो. नानांनी पेन उचललेच नव्हते.

"साहेब, वाट पाहिजे हो."

"ते समजलं," नाना म्हणाले. "डोक्यावरून काय नेतोस, ते आधी सांग."